चार गुणांचा प्रश्न

बोस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात का फेकला?
फळ्यावर लिहिले,
खडूची बोटे पँटला पुसली,
म्हणालो, कारणे द्या.

आठवीचा वर्ग, आगरवाड्याची शाळा.
खिडकीबाहेर मार्चचे ऊन
मिठागरात घोटाभर पाण्यात उभे,
आणि आत मी सांगतोय
पौंडामागे तीन पेनी,
ज्या सभेत आपला एक माणूस नाही तिने बसवलेला कर,
तीनशे बेचाळीस पेट्या, एक रात्र.
गंमत म्हणजे, मी म्हणालो,
चहा उलट स्वस्त झाला होता.

"सवाय जालो तर उडयलो कित्याक?"
मागच्या बाकावरून शाणू.
"आनी नुस्त्यांक रातभर न्हीद ना!"
वर्ग हसला. मीही.

दर्पणा मिठगावडे हसली नाही.
फेकला कोणी सर, लोकांनी की सरकारने?
लोकांनी. पुस्तकात ठळक अक्षरांत आहे.
"आमगेर उरफाटें जाल्लें,"
एवढेच बोलून खाली बसली,
जणू हजेरी दिली.

शनिवारी तिच्या काकाकडे गेलो.
गुणोकाका बांधावर. मानशीतून भरतीचे पाणी आत येत होते
दबकत, उशिरा आलेल्या पोरासारखे.
बोलताना त्याने फळें थांबवले नाही,
त्यामुळे गोष्टही तशीच आली,
ओढत, थोडी थोडी, काठाशी गोळा होत:

सही लिस्बनात झाली.
आमचे मीठ आमच्या राजाने शेजारच्या राणीला खंडाने दिले,
आम्हाला कळले ते कारकून आला तेव्हा.
छत्री होती त्याच्याकडे. वही होती.
हे आगर चालू, म्हणाला, हे बंद,
इतक्या खंडी पुरे.
आणि वर जे पिकलेय ते?
त्याने छत्रीच्या टोकाने खाडी दाखवली.

शिपायांनी नाही ओतले, मास्तर.
ज्यांनी पिकवले त्यांनीच,
आपल्याच टोपल्यांनी, दिवसाउजेडी.
बोस्टनला म्हणे तोंडे रंगवून आले होते.
इथे सगळी ओळखीची तोंडे.
आणि त्या दिवसाची मजुरी
चोख दिली.

(इथे फळें थांबले. घाम पुसायला, बहुधा.)

म्हाळू म्हणून एक होती, आमच्याच घरातली.
कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दिवसभर ओतत होती.
रात्री लुगडे दांडीवर टाकले.
सकाळी बघते तर कडक,
पदरापासून काठापर्यंत पांढरे.
तिने ते झटकले मडक्यावर, हळू,
तान्ह्याच्या अंगावरचे पीठ झटकावे तसे.
त्या दिवशीच्या पेजेला कर लागला नाही.

पुढे नाक्यावर लुगडी हुंगायचा हुकूम निघाला म्हणतात.
गुणोकाका हसला. खरे-खोटे त्याचे तो जाणे,
मी कुठल्या दफ्तरात शोधायला गेलेलो नाही.
निघताना त्याने किलोभर बांधून दिले,
करडे, जाड, ओलसर, खाडीचा वास असलेले.
घरी पिशवीतले मीठ आहे, भुरभुरीत,
आयोडीनवाले, चारशे कोस लांबून आलेले.
दोन्ही बरण्या शेजारी ठेवल्यात.
हात अजून सवयीने त्याच बरणीकडे जातो.

आता पेपर तपासतोय.
शाणूने लिहिलेय: त्यांना चहा आवडत नव्हता.
अर्धा गुण, धाडसाचा.
दर्पणाची पहिली तीन कारणे पुस्तकातली,
काना-मात्रेसकट.
चौथे तिचे:

त्यांनी चहा फेकला
कारण तो त्यांचा नव्हता.
स्वतः पिकवलेले फेकायला
माणसाला मजुरी द्यावी लागते.

तांबडे पेन उघडून बसलोय केव्हाचा.
बाहेर भरती लागलीय,
मानशीच्या फळ्या कुरकुरतायत.
गुण सोमवारपर्यंत कळवायचे आहेत.